आमच्या समीक्षाची संगत

दारात बसून रबराचे पार्ट कापायचं काम करतो आम्ही गल्लीतल्या बायका. साच्यातून निघालेल्या पार्टला कडेनं नको असलेलं रबर चिकटलेलं असतं, ते कात्रीनं काढून टाकायचं. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं! मग दुपारपर्यंत पायाशी दोन ढीग साचतात. एक कातरणाचा आणि एक पोरांच्या किश्शांचा. कातरण पोत्यात भरून कंपनीला परत जातं. किस्से कोण परत घेणार? ते साचतच जातात.

त्यातले निम्मे एकट्या आमच्या समीक्षाचे. म्हणजे समीक्षाचे आणि तिच्या त्या दोघींचे. शेजारच्या मंदाताई तर पोत्याचं तोंड सोडायच्या आधी विचारतात, "काय समीक्षाची आई, आज काय नवीन?" त्यांना हसायला होतं. इकडं माझा जीव जातो ते कुणाला दिसत नाही!

आधी माणसं सांगते. आम्ही मूळचे बीडकडचे. आमचे हे महाळुंग्याला एका कंपनीत मशिनवर असतात, तिन्ही शिफ्टचं काम. राहायला आम्ही तळवड्यात, भाड्यानं. एक खोली, एक स्वयंपाकघर. समीक्षा एकुलती एक, यंदा दहावीला. तिच्या मैत्रिणी दोन. एक रेणुका, आमच्या घरमालकांची मुलगी, इथल्या जुन्या गाववाल्यांची. मागच्या अंगणात म्हशी आणि बोलणं खणखणीत. दुसरी गार्गी, पलीकडच्या लिफ्टवाल्या सोसायटीतली, वडील आयटीत. तिघींची घरं तीन तऱ्हेची, पण आठवीत एका बाकावर बसल्या आणि तेव्हापासून एकीला शिंक आली की दुसरी नाक पुसते!

मी सातवी शिकलेली बाई. मला एवढंच कळतं, की पोर या वयात आलं की आईबापाचं ऐकत नाही, संगतीचं ऐकतं. म्हणून मी आणि ह्यांनी ठरवूनच टाकलं होतं. दहावीची परीक्षा झाली की समीक्षाला माझ्या भावाकडं अंबाजोगाईला पाठवायचं. भाऊ तिथं शिक्षक आहे. अकरावी-बारावी तिथंच होईल, ही संगत सुटेल, पोर मार्गी लागेल. जरा काही झालं की मी म्हणायचे, "बघा तुमची लेक!" आणि हे म्हणायचे, "दहावी होऊ दे. मग अंबाजोगाई."

समीक्षा त्यावर काही बोलायची नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

*

ह्यांची नाईट शिफ्ट असली की आमच्या घरात दिवसाढवळ्या अंधार. खिडकीला चादर, कुकरला सुट्टी, मोबाईल सायलेंट. चमचा पडला तरी माझ्या काळजात धस्स होतं. माणूस रात्रभर उभा राहून आलेला असतो, त्याला झोप नको?

एकदा मी कापलेला माल पोचवून आले. दार लोटलं तर स्वयंपाकघरात तिघी. डोळे लाल, गालावर पाणी, खांदे गदागदा हलतायत. रेणुकाच्या तोंडात ओढणीचा बोळा. गार्गी भिंतीला डोकं टेकून थरथरतेय. आणि आमचं ध्यान फरशीवर आडवं! आवाज म्हणाल तर श्वासाचासुद्धा नाही.

टीव्हीवर काय काय दाखवतात! पोरं हे हुंगतात, ते गिळतात. मी हातातली पिशवी टाकली आणि ओरडले, "काय खाल्लंत गं? खरं सांगा!"

आतून हे धडपडत बाहेर आले. "काय झालं? कोण गेलं?"

रेणुकानं तोंडातला बोळा काढला. "काकू, आमी हसतोय!"

"मग आवाज कुठाय?"

"काका झोपल्यात न्हवं!"

म्हणजे पोरी बिनआवाजाचं हसायला शिकल्या होत्या आणि सगळ्या घराला जागं केलं ते मी! हे डोळे चोळत म्हणाले, "त्यांचं चालू दे. तू जरा हळू बोलत जा."

तिथंच थांबलं असतं तर बरं. पण सवय लागली ना! थोड्या दिवसांनी शाळेतून बाईंचा फोन. आवाज एकदम गंभीर. "समीक्षाच्या आई, घाबरू नका. पण तुमच्या मुलीला आकडी येते का? आज प्रार्थनेला उभी असताना आली. आणि नवल म्हणजे शेजारच्या दोघींनाही त्याच वेळी आली!"

*

आमची बोली बीडकडची. रेणुका व्हय-न्हाईवाली. गार्गीच्या मराठीत निम्मं इंग्रजी. वर्षभरात आमच्या लेकीच्या तोंडात या सगळ्याची भेळ झाली.

सासूबाई गावाकडं असतात. नातीशी फोनवर बोलल्याशिवाय त्यांना करमत नाही. एकदा फोन आला, समीक्षानं घेतला आणि सुरू झाली, "आज्जे, लिटरली सांगते, लय दमले बघ. न्हाई, जेवान न्हाई झालं आजून. पण तू सॅड नको होऊ!"

मग सासूबाई म्हणाल्या, "फोन आईला दे."

मी घेतला. "सूनबाई, देवाशपथ खरं सांग. मला न सांगता लेकराचं लगीन लावून टाकलंस का?"

"अहो नाही हो आत्या! काहीतरीच काय?"

"मग सासरची बोली कुठनं आली तिच्या तोंडात?"

*

गार्गी एकदा पार्लरमधून कपाळावर केसांची झालर कापून आली. चांगली दिसत होती, खोटं कशाला बोलू. आता एकीनं केलं म्हटल्यावर बाकीच्या दोघींना चैन पडेल? पण पार्लरला जायची परवानगी ना आमच्याकडं, ना रेणुकाच्या घरी.

समीक्षा म्हणाली, "त्यात काय, आई रोज कडा कापते. कात्री घरात आहे."

रबराच्या कात्रीनं तिनं रेणुकाची झालर कापली. डावीकडं भुवईपर्यंत, उजवीकडं पार वर! रेणुका आरशात बघून रडायला लागली. "आता म्या शाळंत कशी जाऊ?"

मला वाटलं, चला, अद्दल घडली. मी भाजी निवडायला बसले. थोड्या वेळानं बघते तर समीक्षाची झालर तशीच वाकडी. आणि गार्गी! पार्लरमध्ये जाऊन नीट कापून आणलेले केस तिनं मुद्दाम वाकडे करून घेतलेले!

हे ड्युटीवरून आले. तिघींकडं बघून हसले. "अरे, हे तर सगळेच रिजेक्ट पीस!"

समीक्षा म्हणाली, "पप्पा, एक पीस चुकला तर रिजेक्ट. सगळे सारखेच चुकले तर डिझाइन!"

कंपनीत म्हणे साहेबसुद्धा असंच म्हणतात. आणि महिनाभरात गल्लीतल्या आणखी पोरींच्या कपाळावर तीच वाकडी झालर. मंदाताईंच्या भाचीनं तर फोटो दाखवून पार्लरमधून तशी कापून आणली!

*

आमचे हे कंपनीत जे शिकतात ते घरी आणतात. कंपनीत म्हणे प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली, भोवती पिवळी पट्टी मारलेली. वस्तू हलली की रिकामी जागा लगेच दिसते. ह्यांनी आमच्या ओट्यावर पट्ट्या मारल्या. कुकर इथं, लायटर इथं, मिसळणाचा डबा इथं. आणि जे वापरात नाही त्याला लाल चिठ्ठी बांधायची. बरेच दिवस चिठ्ठी तशीच राहिली तर ती वस्तू घराबाहेर! माझ्या माहेरच्या पाट्याला चिठ्ठी बांधली तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. पण गार्गीला हा प्रकार भलताच आवडला.

एका रविवारी गार्गीच्या आईचा फोन. आम्ही याआधी कधी बोललेलो नव्हतो.

"मी गार्गीची आई. जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुमच्या समीक्षाच्या संगतीनं आमच्या गार्गीचं काहीतरी बिघडतंय."

आजवर मी दुसऱ्यांच्या पोरींना घाबरत होते. माझ्या पोरीला कुणी घाबरत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं!

"काय झालं हो ताई?"

"ओट्यावर पिवळ्या पट्ट्या मारल्यात. माझ्या नव्या ओट्यावर! घरातल्या धावायच्या मशिनला लाल चिठ्ठी बांधली, ते एक वेळ बरोबर आहे. आम्ही तिच्यावर कपडेच वाळत घालतो. पण आज…"

"आज काय?"

"आज तिचे बाबा सोफ्यावर झोपले होते. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधली. 'वापरात नाही'!"

मी तोंडावर पदर धरला. पलीकडून फिस्सकन हसल्याचा आवाज आला.

"खरं सांगू का," गार्गीची आई म्हणाली, "मी अजून सोडलेली नाही ती चिठ्ठी."

*

मंदाताईंनी एक दिवस माझ्या डोक्यात किडा सोडला. "क्लास सुटल्यावर पोरी लगेच घरी येत नाहीत. मधे कुठं असतात, बघितलंय का कधी?"

झालं! ठरवलं, स्वतः मागावर जायचं.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की धुळीपायी आणि उन्हापायी बाई बाहेर पडली की डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ. फक्त डोळे उघडे. मीही बांधला. म्हटलं, आज मी पोरीला ओळखणार, पोरगी मला ओळखणार नाही!

क्लासच्या कोपऱ्यावर उभी राहिले. गर्दीतून तीन स्कार्फ निघाले. एक उंच, एक बुटकी, मधलीच्या पाठीवर निळी सॅक. समीक्षाची सॅक निळीच! मी मागं. तिघी चौकात गेल्या आणि शेअर रिक्षात बसल्या. मी दुसऱ्या रिक्षात उडी मारली. "दादा, त्या रिक्षाच्या मागं घ्या, लवकर!"

रिक्षावाला तंबाखू मळत म्हणाला, "ताई, सीटं भरल्याबिगर गाडी हलत नसती."

सीटं भरेपर्यंत मी तीन देवांना नवस बोलले. नशिबानं पुढं ट्रॅफिक तुंबलेलं, रिक्षा सापडली. तिघी उतरल्या कुठं? आयटी पार्कच्या गेटवर! आणि सरळ आत! या पोरींची इथं कुणाशी ओळख? मी धावतच गेटवर. वॉचमननं हात आडवा केला. "कार्ड?"

"अहो, कसलं कार्ड? माझी पोरगी आत गेलीय! दहावीतली! ए समीक्षा!"

तिघी वळल्या. स्कार्फ सोडले. तीन अनोळखी बायका! त्यातल्या एकीच्या केसांत तर चांगली पांढरी बट.

वॉचमन भला माणूस. हळूच म्हणाला, "ताई, इंटरव्ह्यूला आला असाल तर पलीकडचं गेट."

घरी आले तर पायरीवर तिघी बसलेल्या. दाराला कुलूप आणि किल्ली माझ्याजवळ. समीक्षा उठली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "आई, ही काय वेळ झाली यायची? कुठं होतीस? आणि कुणाबरोबर होतीस?"

*

त्या मधल्या वेळेचा उलगडा पुढं झालाच. सहामाहीत रेणुकाचं गणित गेलं. तिच्या घरात कुणाला काही वाटलं नाही. "धाव्वी झाली तर झाली, न्हाई तर म्हशी हायतच," म्हणून तिची आई मोकळी झाली. धसका घेतला तो मी. रेणुकानं पुस्तक मिटलं की आमचीही मिटणार! एकीच्या केसांपायी दोघींनी केस कापले, मग शाळेचं काय घेऊन बसलात?

मी समीक्षाला दरडावून विचारलं, "क्लासनंतर कुठं जाता?"

"गोठ्यात."

"गोठ्यात? काय आहे गोठ्यात?"

"ये आणि बघ."

गेले. गार्गी आणि समीक्षा कडब्यावर मांडी घालून बसलेल्या. रेणुकाच्या हातात खडू, भिंतीवर मोठा त्रिकोण. आणि शिकवतेय कुणाला? म्हशीला!

"आगं ही बाजू आन् ही बाजू सारखी. मग ह्यो कोन आन् ह्यो कोन कसा? बोल की! काल सांगितलं व्हतं का न्हाई? ध्यान कुटं असतं तुजं?"

म्हैस रवंथ करत होती.

गार्गीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, माणसांसमोर ती चुकायला लाजते. मग गप्पच बसते. म्हशीसमोर लाजत नाही. ती म्हशीला शिकवते, आम्ही मागून चुका सांगतो."

मागं रेणुकाची आई रिकामी बादली घेऊन उभी. मला बघून म्हणाली, "समीक्षाचे आई, तुमी तरी सांगा ह्यास्नी. भूमिती चालू झाल्यापासनं म्हशीनं दूध चोरलंय!"

पूर्वपरीक्षेत रेणुकाचं गणित निघालं. तिच्या आईनं पेढे आणले. पहिला पेढा म्हशीला!

*

आईला ज्याची भीती असते तेही झालं. मोटारसायकलवाला एक पोरगा पोरींच्या मागं फिरायला लागला. क्लास सुटला की कोपऱ्यावर हजर, मग हळूहळू गाडी मागं मागं. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी त्याच दिवशी अंबाजोगाईची गाडी गाठली असती.

आमच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. रबराची पोती चौकात टाकून जातो. त्या दिवशी पोतं आणायचं काम समीक्षाकडं. पोतं जड. तिघी ओढतायत आणि तो गाडीवर बसून बघतोय. रेणुका सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भावा, रोज येतोस त्ये रिकाम्या हातानं जातोस. बरं न्हाई दिसत. हे घे."

आणि पोतं त्याच्या गाडीवर! चौकातली माणसं बघायला लागली. तो गाडी ढकलत ढकलत आला आमच्या दारात, मागं या तिघी.

मला वाटलं, कंपनीनं नवीन माणूस लावला. मी त्याला चांगला फैलावर घेतला. "काल का नाही आणलं? इथं बायका सकाळपासून बसून आहेत. आणि पोतं नीट ठेव, फाटेल! आत ठेव, भिंतीला!" त्यानं मुकाट्यानं ठेवलं. घामाघूम झालेला. मला दया आली. बसवला, चहा दिला. गाव कुठलं, आई काय करते, जेवण कुठं करतो, सगळं विचारलं. तो मान खाली घालून "हो काकू, हो काकू" करत होता. जाताना मी म्हणाले, "उद्या लवकर आण बरं का!"

दुसऱ्या दिवशी काही तो आला नाही. मी समीक्षाला म्हणाले, "कालचा पोरगा गुणी होता गं. कामावरून काढला की काय?"

तिघींना आकडी आली. बिनआवाजाची.

*

परीक्षेच्या आधी एकदा तिघी माझ्याजवळ येऊन बसल्या. गार्गी म्हणाली, "काकू, तुम्ही सातवीनंतर शाळा का सोडली? नापास झालात?"

"नापास कशाला होतेय! वर्गात दुसरी होते."

"मग?"

"आठवीपासूनची शाळा पलीकडच्या गावात. ओढा ओलांडून जायचं. आमच्या वस्तीवरनं तिघींनी मिळून जायचं ठरलं होतं. एकीचं लग्न झालं. एक आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. राहिले मी. वडील म्हणाले, एकटी कशी जाणार?"

"मग?"

"मग काय? नाही गेले."

समीक्षानं हे कधी ऐकलेलं नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगताना माझं मलाच कसंतरी झालं. आज ज्या गोष्टीपासून मी लेकीला तोडायला निघाले होते, ती गोष्ट नव्हती म्हणून माझी शाळा सुटली होती.

रेणुका म्हणाली, "काकू, आमी असतो तर वढत न्येलं असतं तुमाला."

मी पदर डोळ्यांना लावला.

गार्गी मात्र विचारात पडलेली. "पण काकू, तेव्हा तुम्ही सातवी पास ना? आणि आम्ही दहावीत. ज्युनियरना आम्ही ग्रुपमध्ये घेत नाही!"

*

परीक्षा संपली आणि भाऊ न्यायला आला. विलास माझ्याहून धाकटा, पण शिक्षक म्हणून आवाज मोठा. फार शिस्तीचा. त्याची ऋतुजा समीक्षाहून वर्षानं लहान. तिला अभ्यासाला बसवून हा खोलीला बाहेरून कडी लावतो, असं भावजय सांगते.

समीक्षाची बॅग मी भरून ठेवली होती. समीक्षा धड जेवत नव्हती. मीही नव्हते. पण बोलावून घेतलेल्या भावाला आता काय सांगणार?

चहा पिऊन विलास म्हणाला, "ताई, आधी त्या दोघींना बोलाव. बघू तरी."

दोघी आल्या. रेणुकानं दुधाचा तांब्या आणलेला. दोघी हात मागं बांधून भिंतीला उभ्या.

"समीक्षाला मी नेतोय, माहीत आहे ना?"

"व्हय."

"का नेतोय?"

"आमच्यामुळे," गार्गी म्हणाली.

"मग तुमचं काय म्हणणं आहे?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. रेणुका म्हणाली, "मामा, हितं न्हाई सांगता येनार. चला."

"कुठं?"

"चला तर खरं. चपला घाला."

सगळा वर्ग ज्याला बघून उभा राहतो, तो माझा भाऊ उठला आणि त्यानं चपला घातल्या! समीक्षाही निघाली. मी पदर खोचला तर गार्गी म्हणाली, "काकू, तुम्ही नका येऊ. तुम्ही लगेच ओरडता."

दुपारची गेलेली मंडळी दिवेलागणीला परत आली. विलासचा शर्ट पँटीबाहेर, केसांत धूळ, आवाज बसलेला. एका पायात त्याची चप्पल आणि दुसऱ्या पायात रेणुकाच्या आजोबांची! मी विचारलं, "कुठं होता रे एवढा वेळ?"

"फिरलो जरा," म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. भाकरी मात्र मागून मागून खाल्ली. समीक्षाला विचारलं तर म्हणाली, "मामाला विचार."

सकाळी मी बॅग दाराशी आणून ठेवली. विलासनं ती उचलली आणि परत आत ठेवली. "राहू दे, ताई. समीक्षा इथंच बरी."

एवढं हाताबाहेर गेलंय? सख्खा मामासुद्धा न्यायला तयार नाही! ह्यांचाही चेहरा पडला. "विलासराव, काय असेल ते स्पष्ट सांगा. काय बघितलंत तुम्ही?"

"काही नाही, दाजी. उशीर होतोय मला."

आणि गेलासुद्धा! मी आणि हे नुसते समीक्षाकडं बघत बसलो. तिनं पोह्यांची बशी संपवली आणि म्हणाली, "आई, अजून आहेत का?"

तासाभरानं एसटी स्टँडवरून विलासचा फोन.

"ताई, एक विचारायचं होतं. घरात जमलं नाही."

"बोल रे बाबा, माझा जीव टांगणीला लागलाय!"

"आमची ऋतुजा पुढच्या वर्षी दहावी होईल ना…"

"मग?"

"अकरावीला तिला तुझ्याकडं, या पोरींच्या संगतीत ठेवून घेशील का?"

"अरे पण का? काल झालं तरी काय?"

"गाडी लागली, ताई. ठेवतो."